कडा आधी काळ्या होतात

गिऱ्हाईक बोलतं त्यातलं निम्मं सोडून द्यायचं, हे मी या धंद्यात पहिल्याच वर्षी शिकलो. लॅपटॉपवर चहा सांडलेला असतो आणि माणूस शपथेवर सांगतो की आपोआप बंद पडला. घरात कुणीतरी स्क्रीनवर उशी फेकलेली असते आणि बाई म्हणतात, सकाळी उघडला तर अशीच रेघ होती. मिरजेत मार्केटच्या मागे माझं दुकान आहे, मगदूम कॉम्प्युटर्स. एकोणतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी गिऱ्हाइकाचं ऐकून नव्हे, यंत्राच्या पोटात बघून दोष काढले आणि त्याचा मला गर्व होता. त्या गर्वापायी माझी सून गेली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कुठे शहाणपणा करायला लागलो तर तुम्हाला तो ओळखता येईल.

तिचं नाव सन्मती. माहेर नांदणीचं. माझा मुलगा अभिनंदन, त्याच्याशी लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. तो एमआयडीसीतल्या कारखान्यात पाळीवर जातो. ती घरून काम करायची. ग्रामसभांमधलं बोलणं यंत्र ऐकतं आणि लिहून काढतं. ते बरोबर लिहिलंय की नाही हे कानाने ऐकून तपासायचं, असं ते काम. यंत्राला आमच्या बाजूची बोली नीट कळत नाही. एकदा जेवताना तिने सांगितलं, कुठल्याशा सभेत एक म्हातारे गृहस्थ तळमळून म्हणत होते 'बोर आटलं', आणि यंत्राने लिहून ठेवलं होतं 'बोर वाटलं'. आम्ही हसून हसून बेजार झालो. ती मात्र म्हणाली, हसताय काय, मी नसते तर त्या गावाला टँकर मिळाला नसता. तिचा त्या कामावर जीव होता. सासरी असो की माहेरी, ती म्हणेल ते शेवटचं असं कधी नव्हतंच. तिथे मात्र ती म्हणेल तेच बरोबर धरलं जायचं.

आता हजेरीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

घरून काम करणाऱ्यांनी कंपन्यांच्या नाकी नऊ आणले होते. कुणी माऊस टेबलफॅनला बांधून ठेवायचा, म्हणजे बाण हलता राहतो. कुणी कॅमेऱ्यापुढे स्वतःचा फोटो लावून शेतात जायचा. मग कंपन्यांनी हजेरीचं काम वायफाय कार्डाकडे दिलं. हे कार्ड म्हणजे लॅपटॉपच्या पोटातली बोटभर हिरवी पट्टी. त्यातून निघालेल्या लहरी खोलीभर जातात, भिंतीवर, कपाटावर, माणसाच्या अंगावर आपटून परत येतात. श्वास घेतला की छाती काही मिलिमीटर वर येते. हृदयाचा ठोका पडला की छातीची कातडी त्याहूनही कमी, केसाच्या जाडीइतकी हलते. परत येणारी लहर तेवढ्याने बदलते. प्रयोगशाळेतल्यांना हे फार पूर्वीपासून माहीत होतं. पुढे ते गणित करण्याची ताकद कार्डातच आली. समोर जिवंत माणूस बसलाय का, हे कार्डाला आता आपोआप कळतं. माऊस पंख्याला बांधता येतो, पण हृदय बांधता येत नाही.

लोकांनी ओरड केली की ही तर आमच्या छातीत डोकावणारी चोरी झाली. तेव्हा कायदा आला. ठोके ही माणसाची खाजगी बाब, कार्डाने ती मोजावी पण साठवू नये, कुणाला कळवू नये. फक्त 'हजर' किंवा 'गैरहजर' एवढं सांगावं आणि बाकीचं त्याच क्षणी विसरून जावं. कायदा चांगल्या हेतूने केलेला होता आणि मलाही तो पटला होता.

२०३८च्या जानेवारीत सन्मती लॅपटॉप घेऊन दुकानात आली. घरी दाखवला असता तरी चाललं असतं, पण तिला सगळं रीतसर लागायचं. गिऱ्हाइकासारखी बाकावर बसली आणि म्हणाली,

"मामा, ह्याला काय झालंय बघा की. चालता चालता काळा होतोय. कडा आधी काळ्या होतात, मग मधलं. आणि मग बंदच पडतोय."

मी तक्रारीच्या चिठ्ठीवर लिहिलं: 'मध्येच बंद पडतो. स्क्रीन काळी.' कडांचं लिहिलं नाही. स्क्रीन अशी कधी जात नाही. ती जाते तेव्हा एकदम जाते, नाहीतर पट्टे मारते, नाहीतर लुकलुकते. कडेकडून आत काळी होत येणारी स्क्रीन मी एकोणतीस वर्षांत पाहिलेली नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मी ते सोडून द्यायच्या निम्म्यात टाकलं.

मग मी माझ्या पद्धतीने लागलो. रॅम काढली, खोडरबराने पुसून परत बसवली. पंखा साफ केला, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली. डिस्क तपासली, चार्जर बदलून पाहिला. तीन दिवस लॅपटॉप दुकानात सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू ठेवला. मी स्वतः त्याच्यासमोर बसून बिलं टाइप केली, एकदाही बंद पडला नाही. घरी नेला, सन्मती कामाला बसली, दुसऱ्या दिवशी दुपारी बंद. परत आणला, परत चालला. आमच्या धंद्यात या जातीच्या तक्रारीला फार वाईट नाव आहे: दुकानात चालतो, घरी बंद पडतो. अशा वेळी आम्ही घरच्या विजेला दोष देतो. मी तिच्या खोलीतला प्लग बदलला, वायर नवी ओढली. काही फरक पडला नाही.

इथे घरातली एक गोष्ट सांगतो. लग्नानंतर तीन-चार महिन्यांनी सन्मती एकदा स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, चक्कर आल्यासारखं होतंय. माझी बायको, पद्मजा, तिने माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे. आमच्याकडे नव्या सुनेला चक्कर आली म्हटलं की दुसरा कुठला अर्थच नसतो. पद्मजाने त्या दिवशी शिरा केला. बहिणीला फोन करून कुजबुजली. औषधाच्या दुकानातून तपासणीची पट्टी आणली. पट्टीवर काही आलं नाही. पद्मजा नुसती कढईतला उरलेला शिरा डब्यात भरत राहिली. सन्मती ते बघत उभी होती. त्यानंतर तिने त्या घरात चक्कर हा शब्द परत काढला नाही.

मिरज हे डॉक्टरांचं गाव आहे. कर्नाटकातून, कोकणातून माणसं इथे छाती दाखवायला येतात. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर हृदयाच्या तपासणीची तीन ठिकाणं आहेत. तिथे तिला न्यायचं कुणाला सुचलं नाही, कारण पट्टीवर काही आलं नव्हतं.

लॅपटॉप मरताना मागे एक नोंद ठेवतो. कुठला भाग शेवटी काम करत होता त्याचं नाव त्यात असतं. मी ती उघडली तर गुन्हेगार वायफाय कार्ड निघालं. पाचही वेळा तेच. मला हायसं वाटलं. कार्ड बदललं, नवंकोरं घातलं, तरी तेच. कार्ड चालवणारी आज्ञावली, आम्ही जिला ड्रायव्हर म्हणतो ती, काढून परत टाकली, जुनी टाकली, नवी टाकली. वीजबचतीचा पर्याय बंद केला. राउटर बदलला. शेवटी माझ्या भंगाराच्या खोक्यातलं तेरा वर्षांपूर्वीचं कार्ड बसवलं. ते हजेरीच्या आधीच्या काळातलं, त्याला नुसतं इंटरनेट कळायचं. त्यावर लॅपटॉप आठवडाभर लोण्यासारखा चालला. पण हजेरी लागेना, आणि कंपनीने तिला पत्र पाठवलं: यापुढे महिन्यात तीन वेळा जोडणी तुटली तर काम थांबवू. त्याआधी कितीतरी वेळा तुटून झाली होती. त्या रात्री ती ते पत्र ताटाशेजारी ठेवून जेवली.

दुसऱ्या दिवशी मी नवं कार्ड परत बसवलं, दुकान बंद ठेवलं आणि दुपारी तिच्या खोलीत दारापाशी खुर्ची टाकून बसलो. म्हटलं, डोळ्यांसमोर पडू दे एकदा. ती हेडफोन कानाला लावून कुठल्याशा ग्रामसभेचं भांडण ऐकत होती, मधूनच ओठ मुडपून हसत होती. पावणेतीनला तिची बोटं कळफलकावर थांबली. डोळे उघडे, नजर स्क्रीनवर, एखादा शब्द नीट लागत नसावा तशी ती थांबली होती. चार-पाच सेकंद. मग स्क्रीन निळी झाली, त्यावर पांढरी अक्षरं आली. तिने डोळे मिचकावले आणि म्हणाली, "गेला बघा."

हे सगळं मला दिसलं, पण लक्ष तिच्याकडे नव्हतं. मी स्क्रीनकडे बघत होतो.

"काळी कुठं होते?" मी म्हटलं. "निळी झाली की."

"मला आधी काळीच दिसते, मामा. मग उजाडल्यावर निळी."

मी हसलो. उद्या पद्मजाबरोबर जाऊन चष्म्याचा नंबर काढून घे, म्हणालो. ती बरं म्हणाली. नंबर काढला, पाव नंबरचा चष्मा लागला, आणि आमच्या सगळ्यांचं समाधान झालं.

त्याच आठवड्यात मी त्या ड्रायव्हरच्या पोटात शिरलो. तसं करायला परवानगी नसते, पण आम्हा लोकांकडे त्याची हत्यारं असतात. आत आकड्यांची यादी होती आणि त्यात एक ओळ होती, मराठीत सांगायचं तर: हार्टबीट, कमाल वाट, तीन हजार. हे मिलिसेकंद, म्हणजे तीन सेकंद.

हा शब्द मी हजारदा वाचलेला. नेटवर्कच्या धंद्यात हार्टबीट म्हणजे एका यंत्राने दुसऱ्याला ठरावीक वेळाने पाठवलेली खूण: मी आहे, मी आहे. राउटर तशी खूण पाठवत राहतो. ती आली नाही की जोडणी तुटली असं समजायचं. इतक्या वर्षांत त्या शब्दाचा माणसाच्या छातीशी काही संबंध असतो, हे मी विसरूनच गेलो होतो. मला वाटलं, राउटरची खूण भिंतींमुळे उशिरा पोचते आणि कार्ड तीन सेकंदांतच धीर सोडतं. मी तीन हजारांवर एक शून्य वाढवलं आणि लॅपटॉप बंद करून चालू केला.

त्या ओळीचा खरा अर्थ मला नंतर कळला, तो आताच सांगतो. कार्ड दोन ठोक्यांमधला वेळ मोजतं. ते मोजमाप ठेवायला बनवणाऱ्यांनी एक खोकं दिलं होतं, तीन सेकंदांचं. माणूस उठून गेला तर ठोका आणि श्वास दोन्ही जातात, कार्ड गैरहजर म्हणतं आणि खोकं रिकामं करतं. पण श्वास चालू आहे, माणूस समोर बसलाय आणि ठोका मात्र तीन सेकंदांत पडला नाही, असा माणूस त्यांनी धरलाच नव्हता. अशा वेळी कार्ड वाट बघत राहायचं, खोकं भरून वाहायचं, मापं शेजारच्या जागेत सांडायची आणि आणखी सेकंद-दोन सेकंदांत लॅपटॉप कोसळायचा. दुकानात तो कोसळत नव्हता, कारण दुकानात त्याच्यासमोर मी बसायचो.

मी ते खोकं तीस सेकंदांचं केलं.

लॅपटॉप बंद पडायचा थांबला. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. सन्मतीची नोकरी राहिली. तिने घरी पुरणपोळ्या केल्या आणि माझ्या दुकानातल्या तिच्या चिठ्ठीवर खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'दुरुस्त झाला. मामा, आभारी आहे.' माझी छाती फुगली. सांगली, मिरज, कोल्हापूर, बेळगाव अशा भागातल्या दुरुस्तीवाल्यांचा आमचा फोनवर एक गट आहे, चारशेच्या वर माणसं. मी तिथे उपाय टाकला, एका शून्याचा. लोकांनी डोक्यावर घेतलं. दुकानात चालणारे आणि घरी बंद पडणारे लॅपटॉप सगळ्यांकडेच होते. कुणीतरी त्याला मगदूम उपाय असं नावही दिलं. मी ते नाव पद्मजाला वाचून दाखवलं.

दोन आठवड्यांनी सन्मतीने मला एकदा विचारलं, जरा संकोचूनच. लॅपटॉप आता बंद पडत नाही, पण अजून मधूनच काळा होतो, आणि लगेच परत येतो. मी नोंदी उघडून तिला दाखवल्या. बघ, एकही बिघाड नाही, सलग चालू आहे. यंत्राला काळं व्हायचं असतं तर इथे लिहिलं असतं. मनात धास्ती बसली की असं वाटतं, असंही वर म्हणालो. ती नोंदींकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग मलाच वाटत असेल." मी म्हटलं, तेच.

त्यानंतर नवव्या दिवशी, गुरुवारी, पद्मजा दुपारी बस्तीत गेली होती, आमच्या जैन मंदिरात, आणि अभिनंदन कामावर होता. पावणेपाचला पद्मजा परत आली. सन्मतीच्या खोलीत चहा घेऊन गेली. मला फोन आला तेव्हा नीट बोलणं नव्हतंच, नुसता तिचा आवाज येत होता. मी धावत घरी गेलो. सन्मती खुर्चीतच होती, कपाळ टेबलावर टेकलेलं, कानात अजून ते भांडण चालू होतं. लॅपटॉप चालू होता. स्क्रीनवर पांढऱ्या चौकटीत लिहिलं होतं:

'आपण जागेवर नाही. कृपया परत या.'

डॉक्टर वयस्क होते, शांत. हृदय बंद पडलं म्हणाले. सव्वीस वर्षांच्या मुलीचं का बंद पडावं हे नक्की सांगता येत नाही, शवचिकित्सेतही काही सापडेलच असं नाही. कधी चक्कर वगैरे, असं त्यांनी विचारलं. पद्मजा म्हणाली, एकदाच, लग्नानंतर. मग ते माझ्याकडे वळून सहज म्हणाले, डोळ्यांपुढे अंधारी आल्याचं कधी बोलली का? रक्त डोक्यात पोचायचं थांबलं की असं होतं. कडा आधी काळ्या होतात, मग मधलं.

कुणीतरी मला पाणी दिलं.

तेरावा झाल्यावर मी तिचा लॅपटॉप उघडला. मी खोकं मोठं केलं होतं, पण ते रिकामं करणारी आज्ञा जुन्याच मापाची होती. त्यामुळे तीन सेकंदांच्या वरचं जे जे होतं ते सगळं आत तळाशी तसंच पडून राहिलेलं. कायद्याने जे विसरायचं होतं, ते माझ्या अर्धवट कामामुळे शिल्लक होतं. तेवीस दिवसांचे आकडे. तीन पूर्णांक चार. चार पूर्णांक एक. तीन पूर्णांक नऊ. दिवसातून एकदा, मग दोनदा, मग पाचदा. मला तिने नोंदींबद्दल विचारलं त्या दिवशी सहा पूर्णांक दोन. गुरुवारी तीन वाजून सतरा मिनिटांनी शेवटचा आकडा होता एकवीस, आणि त्याच्यापुढे 'गैरहजर'.

ते आकडे मी कागदावर उतरवून डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले, मग कागद टेबलावर उपडा ठेवला. तीन सेकंदांच्या वर खंड पडायला लागला की आम्ही पेसमेकर बसवायचा विचार करतो, म्हणाले. तासाभराचं काम असतं, दुसऱ्या दिवशी घरी. हे तुम्हाला आधी कुणी दाखवलं नाही का? मी सांगितलं की यंत्र महिनाभर दाखवत होतं, मी त्याला गप्प केलं. त्यांना ते नीट कळलं नसावं, कारण ते म्हणाले, स्वतःला दोष देऊ नका.

मी गटात लिहिलं, तो उपाय काढून टाका, ज्याचा लॅपटॉप घरी बंद पडतो त्याला आधी हृदय दाखवायला पाठवा. काहींनी हात जोडल्याची चित्रं टाकली. एकाने लिहिलं, मगदूमसाहेब, तुमच्या दुःखात आहोत, पण उपाय नंबर एक चालतोय. माझ्याकडे जुन्या चिठ्ठ्या असतात. त्यांतल्या नऊ तशा तक्रारीच्या निघाल्या, नऊही ठिकाणी मी तेच शून्य वाढवलं होतं. मी नऊही जणांना फोन केला. एक बाई चिडल्या, लॅपटॉपवाला छातीची चौकशी करतो म्हणून. चौघे बघतो म्हणाले. दोघांनी फोन उचलला नाही. बेडगच्या एका शिक्षकांच्या घरी त्यांची बायको बोलली. मास्तर मागच्या महिन्यात गेले, झोपेतच. लॅपटॉप आता मुलगी वापरते, छान चालतोय, तुमचे हात चांगले आहेत हो, म्हणाल्या. नववा नंबर मी त्या दिवशी लावला नाही, दुसऱ्या दिवशी लावला.

कार्ड बनवणाऱ्या कंपनीतही मी पोचलो. सहा फोन आणि तीन आठवडे लागले. शेवटी एक बाई भेटल्या, मराठीच, मऊ आवाजाच्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मी म्हटलं, तुमचं कार्ड ओळखतं, त्याला फक्त बोलू द्या. तीन सेकंदांच्या वर खंड पडला की कोसळण्याऐवजी एक ओळ दाखवा, डॉक्टरांकडे जा म्हणून. त्या म्हणाल्या, ते करता येणार नाही. आमच्या कार्डाला हृदयातलं कळतं असं आम्ही एकदा म्हटलं की ते वैद्यकीय उपकरण ठरतं. मग वेगळा परवाना, वेगळ्या चाचण्या, आणि शिवाय खाजगीपणाचा कायदा आहेच. ज्याला ठोके कळलेच नाहीत असं आपण धरतो, त्याने ठोक्यांवर सल्ला कसा द्यायचा. "पण तुम्ही दोष नीट दाखवून दिलात," त्या म्हणाल्या. "तो आम्ही दुरुस्त करू." त्या वाईट बाई नव्हत्या.

मे महिन्यात सगळीकडे सुधारित ड्रायव्हर आपोआप उतरला. मी तो उघडून पाहिला. खोकं तीस सेकंदांचं केलं होतं, आणि ते रिकामं करणारी आज्ञाही त्याच मापाची, म्हणजे तळाशी काही उरू नये. माझंच काम होतं, फक्त नीटनेटकं. तेव्हापासून माझ्याकडे तशी एकही तक्रार आलेली नाही. गटातही कुणाकडे नाही. दुकानात चालतो आणि घरीही चालतो.

अभिनंदनला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. भेटायला येणाऱ्यांना तो सांगायचा, अप्पांनी तिची नोकरी वाचवली, शेवटपर्यंत आवडीचं काम करत गेली. तो ते मनापासून म्हणायचा आणि मी मान खाली घालून बसायचो. पद्मजा आता शिरा करत नाही. तिने कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्या दोघांपैकी एकाला तरी सांगितल्याशिवाय मला जगता येणार नाही असं झालं, तेव्हा एका रविवारी सकाळी अभिनंदनला दुकानात बोलावलं. शटर अर्धं ओढलं. तिचा लॅपटॉप समोर ठेवला, आकडे दाखवले, एका शून्याची गोष्ट सांगितली. चिठ्ठी दाखवली, तिच्या अक्षरातली ओळ दाखवली, आणि त्या ओळीच्या वर मी काय लिहिलं होतं आणि काय लिहिलं नव्हतं तेही सांगितलं. तो मला मारेल असं मला वाटलं होतं. खरं सांगायचं तर त्याने मारावं असं वाटत होतं.

तो बाकावर बसला, ती बसली होती त्याच जागी.

"तुम्हाला कडांचं म्हणाली होती?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं. कडा आधी काळ्या होतात, मग मधलं.

"मलापण म्हणाली होती," तो म्हणाला. "तुमच्याकडं यायच्या आदल्या दिवशी. मी रात्रपाळी करून आलतो, पडलोतो. ती शेजारी बसली आणि म्हणाली, काम करताना मधूनच काळं होतंय हो, कडा आधी, मग सगळंच. मला वाटलं लॅपटॉपचं बोलतीय." त्याने चिठ्ठी उचलली आणि परत होती तिथेच ठेवली. "मी डोळे पण उघडले नाहीत, अप्पा. म्हटलं, अप्पांना दाखव."

तिने आणून दाखवला होता.